घडीवरची ओळ

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि आमच्या पत्त्यातली शेवटची ओळ बदलली. वाडीत हा बदल सगळ्यांत आधी माझ्या हाताला कळला, कारण वाडीतली बहुतेक पत्रं मीच लिहीत असे. पुढं कितीतरी दिवस पेन सवयीनं ‘जि. रत्नागिरी’कडे वळायचं. मग ते खोडून मी शेजारी नवं नाव लिहायची. तेव्हा मी पाचवीत होते.

आमची वाडी बायकांची, म्हाताऱ्यांची आणि पोरांची. कमावते पुरुष मुंबईत, लालबाग, परळ, डिलाईल रोड, काळाचौकी या भागांत. ही नावं आम्ही कधी पाहिलेली नव्हती, पण इनलँड पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलेली असायची म्हणून शेजारच्या गावांपेक्षा जास्त ओळखीची झाली होती. गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या खोल्यांत हे पुरुष राहत. एका खोलीत इतकी माणसं, की सगळ्यांनी एकाच वेळी पाठ टेकायची म्हटली तर जागा पुरायची नाही. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळं भागत असे. एक जण गिरणीतून येई, तेव्हा दुसरा उठून निघालेला असे. गणपतीला आणि शिमग्याला हीच माणसं गावी येत आणि आठ-दहा दिवस वाडीत पुरुषांचे आवाज ऐकू येत. एरवी त्यांचा आवाज पत्रातून यायचा आणि तो माझ्या तोंडून यायचा.

माझ्याचकडे हे काम का आलं, याचं कारण साधं आहे. आई, आजी, वरच्या घरची काकी, खालच्या घरच्या दोघी जावा, यांपैकी कुणालाच वाचता येत नव्हतं. शाळेत जाणारे मुलगे होते, पण त्यांना एका जागी बसवणं कठीण, आणि बायकांना आपल्या घोवाचं पत्र मुलग्यांच्या हाती द्यायला संकोच वाटे. मास्तरांकडे जायचं तर पदर सावरून, उंबऱ्याबाहेर उभं राहून. मी घरातली. भाकरी थापता थापता, तांदूळ निवडता निवडता माझ्याकडून पत्र वाचून घेता यायचं. दुसऱ्यांदा वाच, तिसऱ्यांदा वाच म्हणता यायचं. “हळू वाच गो चेडवा, पळतंस कित्या?” असं आजी दर पत्राला म्हणायची. तिला प्रत्येक अक्षर ऐकायचं असे.

त्या पत्रांची एक ठरलेली घडण होती. वर मधोमध ‘श्री’. मग ‘तीर्थरूप मातोश्री यांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष’. इकडील सर्व मंडळी खुशाल, तिकडील खुशाली कळवणे. मग पाऊस, शेत, म्हैस, घरावरची कौलं, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं. शेवटी थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, कळावे, लोभ असावा. बाबांची सगळी पत्रं आजीच्या नावानं येत. आईचा उल्लेख त्यात फार तर ‘मुलांची आई’ एवढाच. बायकोला नावानं पत्र पाठवण्याची रीत आमच्याकडे नव्हती आणि पाठवलं असतं तरी ते सगळ्यांसमोर वाचलं गेलं असतं. पत्र वाचलं जाई तेव्हा आई चुलीपाशी असायची. ती कधी पुढं येऊन बसत नसे. पण मी वाचायला लागले की भांड्यांचा आवाज थांबायचा.

पोस्टकार्ड पंधरा पैशांना मिळे, ते खुशालीपुरतं. ज्यात काही सांगायचं असेल ते इनलँडवर. निळ्या कागदाच्या तीन घड्या आणि चिकटवायच्या कडा. लिहायची जागा संपली की माणसं कडेकडेनं लिहीत, घडीच्या आतल्या पट्टीवर लिहीत, कधी कागद फिरवून उभं लिहीत. पत्र फोडताना तो मजकूर फाटू नये म्हणून मी आजीच्या आडकित्त्याची धार कडेतून हलकेच सरकवायची. शाळेत कुणी शिकवलं नव्हतं ते.

आणि मग मनीऑर्डर. रत्नागिरी हा मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा असं जे म्हटलं जाई, ते आमच्या वाडीला अक्षरशः लागू होतं. भात घरचं, मासे खाडीचे, पण मीठ, साखर, कापड, शाळेची फी, डॉक्टर आणि दुकानातली उधारी हे सगळं गिरणीच्या पगारावर. पगारानंतर चार-पाच दिवसांनी पोस्टमन घाटी चढून वर येताना दिसला की वाडीतल्या बायका हातातलं काम टाकत नसत, पण प्रत्येकीचं लक्ष त्याच्या पावलांकडे असे. तो आमच्या ओटीवर बसे, पाणी पिई, शाईचा पॅड काढी आणि आजीचा अंगठा फॉर्मवर उमटवून घेई. अंगठा घ्यायचा तर साक्षीदार लागतो. मी एकदा म्हटलं, मी करते सही, मला येते. पोस्टमन म्हणाला, “तुझी चलाची नाय, चेडवा. मोठ्या माणसाची लागता.” मग शेजारच्या निवृत्त मास्तरांना हाक मारली जाई. ते येऊन झोकात सही करत आणि फॉर्मखालच्या कुपनावर बाबांनी लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायला कागद माझ्याकडे देत. फॉर्मचा एक भाग फाडून पोस्टमन परत नेई. ती पोच. आजीच्या अंगठ्याचा ठसा असलेला तो तुकडा मुंबईला बाबांच्या हाती जायचा. आजीला हे कळल्यापासून ती अंगठा फार जपून टेकवायची. रेषा नीट उमटल्या पाहिजेत, असा तिचा आग्रह असे.

साक्षीदार म्हणून मी लहान होते, पण वाडीतल्या घराघरांतलं मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मोठ्यांनाही नव्हतं. कुणाच्या घोवाला बदलीवर काम मिळतंय आणि महिन्याचे किती खाडे पडतात, कुणाचा दीर वेगळं होण्याच्या गोष्टी करतोय, कुणाच्या मुलीचं स्थळ कशावरून मोडलं, हे मी वाचलेलं असे. आजीनं मला एकच नियम घालून दिला होता. “पत्रातला पत्रातच ऱ्हवाक होया.” तो मी पाळला. विहिरीवर मुली विचारत, मी सांगत नसे. या नियमाचा मला अभिमान वाटे, पण त्यानं मी मोठी झाले असं मला वाटलं नाही. मी फक्त वाचत होते. सांगणारे दुसरे, ऐकणारे दुसरे. मधल्या मुलीला त्यात काही करायचं नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायला हवं होतं आणि मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एकाच संघटनेला दिलेली बोलणी करण्याची मक्तेदारी जायला हवी होती. नेते डॉ. दत्ता सामंत. हे सगळं मला पुढं वाचून कळलं. तेव्हा आमच्यापर्यंत आलं ते एवढंच, की बाबांच्या पत्रात ‘डॉक्टर’ हा शब्द फार येऊ लागला. आजीला आधी वाटलं, झील आजारी पडला. मी दोनदा समजावून सांगितलं तेव्हा तिची धाकधूक गेली.

पहिल्या महिन्यात उत्साह होता. पत्रांत मोर्चे होते, मैदानं भरल्याच्या हकिकती होत्या, होळीच्या आत मिटेल अशी खात्री होती. शिमग्याला नेहमीपेक्षा जास्त माणसं गावी आली, आणि त्यांतली काही परत गेलीच नाहीत. खोलीचं भाडं आणि खानावळीचा खर्च वाचावा म्हणून माणसं गावची वाट धरत होती. सातारा, कोल्हापूरकडेही हेच चाललं होतं. आमच्या वाडीला पुरुषांची सवय नव्हती. दिवसाढवळ्या ओटीवर बसलेले, विडी ओढणारे, एस.टी.तून उतरणाऱ्याकडून वर्तमानपत्र मागून घेणारे पुरुष पाहून बायका सुरुवातीला हरखल्या आणि मग गप्प झाल्या. पोस्टमन येई, पाणी पिई, कुणाचं तरी पोस्टकार्ड देई आणि पुढं जाई. शाईचा पॅड त्याच्या पिशवीतून निघेनासा झाला.

बाबा मुंबईतच राहिले होते. खोलीवर कुणीतरी असायला हवं, आणि संप मिटल्याच्या दिवशी हजर असायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं ते पत्र वैशाखात आलं. भाजावळ उरकली होती, आंबे उतरत होते, उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. मी आडकित्त्यानं कडा मोकळ्या केल्या आणि वाचायला बसले. आजी समोर सुपात तांदूळ घेऊन. धाकटा भाऊ तिच्या मांडीला टेकलेला. आई आत. श्री, तीर्थरूप मातोश्री, खुशाली. पाऊस वेळेवर आला तर तरवा लवकर टाका. यंदा जोत भाड्यानं लावू नका, घरच्या घरी जमेल तेवढंच करा. थोरांस नमस्कार. आणि मग घडीच्या आतल्या पट्टीवर, बारीक अक्षरात, पाच-सहा ओळी.

पहिली ओळ होती: बाय, हे मोठ्यानं वाचू नकोस.

मी वाचता वाचता थांबले. पुढं डोळे गेले. संप लवकर मिटेल असं दिसत नाही. खानावळीचे पैसे थकले आहेत, रात्रीचं जेवण बंद केलं आहे. आईला एकटीला गाठून सांग, पाटल्या ठेवून जमतील तेवढे पैसे पाठवावेत. आजीला कळू देऊ नकोस.

“थांबलंस कित्या गो?” आजीनं विचारलं.

मी म्हटलं, “संपला.” आणि ‘कळावे, लोभ असावा’ हे शब्द तोंडानं म्हणून टाकले. कागदावर ते आधीच वाचून झाले होते, हे आजीच्या लक्षात आलं नाही. तिनं सूप हलवलं. भावानं विचारलं, बाबा कधी येणार? आजी म्हणाली, “येतलो. संप मिटलो की येतलो.” मी कागद घडी घालून परकराच्या ओच्यात ठेवला. एरवी पत्र देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवलेल्या पिशवीत जाई.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. भीती होती, पण तिच्या आधी दुसरं काहीतरी आलं. समोर आजी आणि भाऊ बसलेले होते, आणि दोघंही मला सारखेच लहान दिसले. सत्तरीची आजी आणि सहा वर्षांचा भाऊ. दोघंही मी सांगेन त्यावर विश्वास ठेवणारे. आजवर मी त्यांच्याकडे खालून वर पाहत आले होते. आता मी त्यांच्यावर पांघरूण घालणाऱ्यांच्या बाजूला गेले होते, आणि त्या बाजूला मला बाबांनी बोलावून घेतलं होतं. पत्रात त्यांनी ‘तू आता मोठी झालीस’ असं काही लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर मला ते शाळेच्या पुस्तकातल्यासारखं वाटलं असतं. त्यांनी फक्त गृहीत धरलं होतं, की वाडीच्या त्या घरात एक माणूस असं आहे ज्याला ही गोष्ट सांगता येईल.

आईला मी संध्याकाळी मांगरात गाठलं. ती म्हशीला गवत घालत होती. मी म्हटलं, बाबांनी पत्रात तुझ्यासाठी लिहिलंय. तिनं हात पुसले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठी काही लिहून आलं होतं. मी सांगितलं: खानावळीचे पैसे थकलेत, पाटल्या ठेव, पैसे पाठव, आजीला सांगू नको.

“आणि काय लिवल्यानी?”

“काय नाय.”

“इतक्याच?”

“होय.”

रात्रीच्या जेवणाचं मी सांगितलं नाही. बाबांनी ते आईपासून लपव म्हटलं नव्हतं. ते मी ठरवलं. का ठरवलं, तेही मला स्पष्ट आठवतं. आई रात्री सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं घेऊन जेवायला बसायची. हे कळलं तर ती जेवणार नाही, हे मला माहीत होतं. पाटल्या ठेवायला कारण पुरेसं होतं. बाकीचं सांगून पैशात एका रुपयाची भर पडणार नव्हती. अकरा वर्षांच्या मुलीचा हा हिशेब होता आणि तो मी एकटीनं, मांगरात, म्हशीच्या शिंगांकडे बघत अर्ध्या श्वासात केला. बाबांचा निरोप पोचवेपर्यंत मी त्यांची मुलगी होते. त्यातलं काय सांगायचं आणि काय नाही हे ठरवलं, तेव्हा मात्र मला अंगात कुठंतरी खोल जाणवलं की आता हे माझं आहे. हे कुणाला विचारता येणार नाही, आणि कुणी शाबासकीही देणार नाही.

पाटल्या आजीच्या. लग्नात तिनं त्या सुनेच्या हातात घातल्या होत्या. रोजच्या कामात आईच्या हातात काचेचा चुडा असे, पाटल्या पेटीत. आम्ही दोघी कुडाळला गेलो ते ‘डोळे दाखवायला’ म्हणून. एस.टी.त कंडक्टरनं माझ्याकडे पाहून अर्धं तिकीट फाडलं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, हा नियम, आणि मला बारावं पुरायचं होतं. तासाभरानं सोनाराच्या पेढीवर त्यानं पाटल्या तोलल्या, पावती लिहिली आणि आईपुढं धरली. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं ती माझ्याकडे वळवली. “ह्यां वाच, आणि आवशीक सांग.” वजन, रक्कम, व्याज, मुदत. मी एकेक आकडा आईला सांगितला. व्याजाचा आकडा महिन्याचा की वर्षाचा, हे पावतीवर लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं. सोनारानं मान हलवली आणि पुढं ‘दरमहा’ असं लिहून दिलं. आईनं अंगठा उमटवला. येताना पुन्हा अर्धं तिकीट.

मधल्या वेळात आम्ही पोस्टात गेलो. आजवर मी मनीऑर्डरचे फॉर्म पाहिले होते ते मुंबईत भरलेले. त्या दिवशी पहिल्यांदा पैसे उलट्या दिशेनं निघाले, गावाकडून मुंबईकडे. रक्कम आकड्यात, रक्कम अक्षरात, पाठवणाऱ्याच्या जागी आईचं नाव, घेणाऱ्याच्या जागी बाबांचं. आई शेजारी उभी राहून म्हणाली, “आमी खुशाल असो, म्हणान लिव.” मी लिहिलं. कुपनावर अजून थोडी जागा होती. मी आईला न विचारता तिथं लिहिलं: दोन्ही वेळा जेवा. आईनं विचारलं, इतकं काय लिवतंस? मी म्हटलं, पत्ता.

पोच येईल तेव्हा ती आजीच्या हाती पडू नये म्हणून पुढचे काही दिवस मी शाळेची सुट्टी असूनही घाटीच्या वळणावर पोस्टमनची वाट पाहत असे. त्यानं ती माझ्या हातात ठेवली. बाबांची सही होती, नेहमीची, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट ओढलेली. ज्या पोस्टमननं मला साक्षीदार मानलं नव्हतं त्यानं काही न विचारता तो कागद मला दिला आणि घरी पोचल्यावर आजीपुढं त्याचा शब्दही काढला नाही. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

मोठं होण्याचे कायद्याचे टप्पे माझ्या आयुष्यात त्यानंतर यथावकाश आले. पूर्ण तिकीट लागायला लागलं. पहिल्यांदा बाजूला बसावं लागलं, तेव्हा बायकांनी कानात सांगितलेल्या गोष्टींत नवं असं फारसं नव्हतं. पत्रांतून मला पुष्कळ कळलेलं होतं. मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं ते मार्च १९८९ मध्ये, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. माझ्या वर्षाच्या मुलामुलींना हा हक्क अगदी ताजा मिळाला होता. शाळेच्या खोलीत बोटाला शाई लागली तेव्हा आनंद झाला, पण त्यानं मला मोठं केलं नाही. दिवस सरळ गेला. शाईचा डाग पाहून मला आजीचा अंगठा आठवला, एवढंच.

हे लिहिताना मला एका गोष्टीची काळजी वाटते. मुलांवर लवकर भार पडणं चांगलं, असा अर्थ कुणी काढू नये. त्याच संपात गिरणगावात माझ्या वयाच्या कितीतरी मुलांची शाळा सुटली. कुणी हातगाडीवर उभं राहिलं, कुणी वडापावच्या गाडीवर कपबशा विसळल्या, कुणी आईबरोबर लोकांच्या घरची धुणीभांडी केली. त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलं, आणि ते त्यांना परत कुणी दिलं नाही. माझी शाळा चालू राहिली, पोटाला पेज मिळत राहिली. माझ्यावर जे आलं ते ओझं कमी आणि विश्वास जास्त होता. या दोहोंत फरक आहे, आणि मला वाटतं तो मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो. ज्या घरात अडचणीच्या काळात मुलांना खोलीबाहेर पाठवून दार लावून घेतात, त्या घरातली मुलं दाराला कान लावूनच वाढतात. बाबांनी मला दाराच्या आत घेतलं. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

त्या वर्षी बाबा गणपतीला आले. पिशवीत भेटी नव्हत्या, आणि हाडं दिसत होती. पाटल्यांविना आईचे हात आजीनं एकदा पाहिले आणि ती मोदक वळत राहिली. बाबा मला विहिरीवर पाणी ओढायला म्हणून घेऊन गेले आणि तिथं त्यांनी विचारलं, किती मिळाले, व्याज काय, मुदत कधीची. मी सगळं सांगितलं. ते कुपनाबद्दल बोलले नाहीत, मीही बोलले नाही. गिरण्या पुढं हळूहळू सुरू झाल्या, पण त्यांना बोलावणं आलं नाही. काही वर्षं त्यांनी मुंबईत रखवालदारी केली आणि मग ते कायमचे गावी आले. संप अधिकृतपणे मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. पाटल्या सुटल्या नाहीत, व्याजात गेल्या.

आईची गोष्ट मात्र तिथं संपली नाही. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झालं आणि काही वर्षांत ती मोहीम आमच्या जिल्ह्यातही पोचली. कंदिलाच्या उजेडात, दिवसभराची कामं आटोपून आलेल्या बायका पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. मी तेव्हा डी.एड. होऊन शिकवायला लागले होते आणि सुट्टीत घरी आले की त्या वर्गाला जात असे. आई सावकाश शिकली. जोडाक्षरांना अडखळायची. पण एकदा अक्षर लागायला लागल्यावर तिनं जे पहिलं वाचायला घेतलं ते पुस्तक नव्हतं. तिनं पेटीच्या तळातून बाबांची जुनी पत्रं काढली. ते इनलँड मी तिथंच ठेवलं होतं. तिनं ते दोन दिवस लावून, एकेक शब्द बोटाखाली धरून वाचलं आणि घडीवरच्या ओळीपाशी आली.

मी घरात होते. तिनं मला हाक मारली नाही, तीच आली. कागद हातात होता.

“ह्या माका तेव्हाच सांगूक होया होता,” ती म्हणाली. “मी काय ल्हान होतंय?”

मला उत्तर देता आलं नाही. तिचं म्हणणं खरं होतं. ती त्या वेळी तिशीची होती, दोन मुलांची आई, एकटीनं शेत करणारी. आणि तिच्या नवऱ्याच्या पोटात काय जातंय हे तिला कळावं की नाही, हे तिच्या मुलीनं ठरवलं होतं, केवळ तिला अक्षर येत नव्हतं म्हणून. आजीला आणि भावाला मी ज्या बाजूला बसवलं होतं त्याच बाजूला मी आईलाही बसवून टाकलं होतं. ज्या क्षणी मी मोठी झाले त्याच क्षणी मी तिला लहान केलं होतं.

तरी मी माझ्या निर्णयाला चूक म्हणत नाही. तिनं जेवण सोडलं असतं, हे मला तेव्हा जितकं नक्की वाटलं होतं तितकंच आजही वाटतं. त्या पावसाळ्यात तिला लावणी करायची होती, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. मात्र तिचं बोलणंही मी खोडून काढत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला अकराव्या वर्षी ठाऊक नव्हतं. ते तिच्या त्या प्रश्नानं कळलं, आणि मांगरात अर्धं राहिलेलं माझं मोठं होणं त्या दिवशी पुरं झालं असं मी मानते.

टपाल खात्याची जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. आता पैसे मोबाइलवरून जातात, आणि आलेल्या संदेशातला आकडा आजीला सांगण्याचं काम नातवंडं करतात. वाडीतली अर्धी घरं बंद आहेत. ती उघडली जातात गणपतीला, आणि साफसफाईत पहिल्यांदा बाहेर पडतात त्या पत्र्याच्या पेट्या. त्यांतली निळी पत्रं कसर लागली म्हणून चुलीत जातात, हे मी पाहिलं आहे. गिरणी संपावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण ते बहुतेक मुंबईतून. गावाकडच्या घरांत तो संप कसा पोचला, कुणाचं काय विकलं गेलं, कोण किती वेळा जेवलं, हे त्या पत्रांत आहे, दुसरीकडे कुठं नाही. म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या घरात अशी पेटी असेल तर ती जाळू नका. पत्रांच्या घड्या सगळ्या बाजूंनी उलगडून बघा. आणि ज्या बाईला ती पत्रं त्या वेळी दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवली होती ती हयात असेल, तर तिच्याजवळ बसून ती एकदा पुन्हा वाचा, एकही ओळ न गाळता.